माश्यांची सुट्टी

मला माश्या आवडत नाहीत. मधाच्या असल्या तरी त्या माश्याच, हे माझं मत मी कधी लपवून ठेवलं नाही, आणि त्यानेच पुढे घात केला. तेहतीस वर्षं मी तंजावूरच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. मोजता येत नाही त्या गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही. एका पेटीत माश्या किती, असं विचारलं की आमचे हे मान खाजवत म्हणतात, "असतील दहा-बारा हजार." असतील म्हणजे काय? वर्गात कोणी असं उत्तर दिलं असतं तर मी तिला बाकावर उभी केली असती.

आमचे हे म्हणजे अनिरुद्धराव. राजवाड्यामागच्या गल्लीत सगळे त्यांना कॉफीवाले राव म्हणतात. भाताच्या मुलखात राहून यांची शेती मात्र कॉफीची, आणि तीही सहा तासांच्या अंतरावर, तांडिकुडीच्या डोंगरात. सासऱ्यांनी हौसेने घेतलेली सहा एकर. महिन्यातले पंधरा दिवस हे वर, पंधरा दिवस खाली. मध्यंतरी तीन-चार वर्षं कॉफीला फूल भरपूर येई, पण फळ धरेना. डोंगरातल्या माश्या कमी झाल्या आहेत, पेट्या ठेवून बघा, असं कोणीतरी सुचवलं. यांनी आठ पेट्या ठेवल्या. फळ धरलं, वर मधही निघाला, आणि आमच्या घरात साठीच्या उंबरठ्यावर नवा धंदा सुरू झाला.

कॉफीचा फुलोरा जेमतेम आठ-नऊ दिवसांचा. पावसाळ्यात डोंगरावर थंडी आणि धुकं, माश्यांना खायला काही नाही. म्हणून आषाढात पेट्या टेम्पोतून खाली आणायच्या आणि ओरत्तनाडूला शिवराजच्या बागेत ठेवायच्या, कारण नारळाला बारा महिने फूल असतं. शिवराज यांचा शाळेपासूनचा मित्र. भाडं नाही, काही नाही, वर येताजाता पेट्यांवर नजर ठेवायचा. त्याने एवढंच कबूल केलं होतं की शेजारच्या भातावर किडीचं औषध मारायचं झालं तर आधी कळवायचं.

इथवर मी काही बोलले नसते. पण आमची एकुलती एक अखिला चेन्नईची नोकरी सोडून या माश्यांच्या मागे लागली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी रोज बोलले. जेवताना बोलले, देवासमोर बोलले. शेवटी वैतागून तीच म्हणाली, "अम्मा, पुढच्या फुलोऱ्यापर्यंत पेट्ट्या जगल्या तर मी राहीन. नाहीं जगल्या तर परत चेन्नई. मग तर झालें?" झालं, म्हटलं. आणि त्याच महिन्यात एका लग्नात, पंगतीत, दहा नातेवाइकांच्या देखत मी बोलून गेले, "मरोत त्या माश्या एकदाच्या, म्हणजे मुलगी मार्गाला लागेल." अखिला वाढत होती. तिच्या हातातली पळी क्षणभर थांबली, मग तिने पुढच्या पानावर भात वाढला. हे मला आजही दिसतं.

मग नवरात्रातली नवमी आली.

आमच्याकडे नवमीला सरस्वतीची आणि आयुधांची पूजा. घरात जे जे कामाचं ते त्या दिवशी धुऊन-पुसून, गंध-कुंकू लावून देवापुढे बसतं आणि दिवसभर त्याला कोणी हात लावत नाही. पुस्तकं रेशमी वस्त्रात बांधायची. विळी, सुरी, शिलाईचं यंत्र, यांची कॉफीची छाटणीची कात्री, माझी जुनी भूमितीची पेटी, सगळ्यांना विसावा. दशमीला पुन्हा पूजा करून हलवायचं, मग वापरायचं. लहानपणी अभ्यासाला सुट्टी म्हणून हा सण आवडायचा. मोठेपणी मला त्यातली माया कळली. वर्षभर जे आपल्यासाठी राबलं त्याला एक दिवस बसू द्यायचं.

त्या वर्षी हे आणि अखिला डोंगरावर होते. कॉफीच्या तोडणीसाठी माणसं ठरवायची होती. दशमीला सकाळी परस्पर ओरत्तनाडूला पोचतो म्हणाले. अष्टमीला संध्याकाळी अखिलाचा फोन आला.

"अम्मा, उद्यां पेट्ट्यांनाही गंध लावशील? त्या पण आपलीं आयुधेंच की."

 वर्षभरात त्या माश्यांबद्दल तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

"लावते," मी म्हटलं.

"भिऊं नको. पहाटे जा, तेव्हां आंतच असतात. लांबून बोट टेकव, झालें."

मी पहिल्या बसने गेले. साडेसहाला बागेत पोचले तेव्हा शिवराज विहिरीपाशी ट्रॅक्टर धूत होता. "वैनी, तुम्हीं? माश्यांकडे?" म्हणून तो हसला. मीही हसले. नारळांच्या सावलीत विटांवर आठ पेट्या ओळीने मांडल्या होत्या. एकेका पेटीला मी गंध लावलं, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, चार चुरमुरे वाहिले. आत बारीक घूं घूं चाललं होतं. मी पळाले मात्र नाही. आणि शेवटच्या पेटीपाशी उभी असताना मनात आलं, आज घरातली सुरीसुद्धा बसून आहे, आणि या बिचाऱ्या तासाभरात कामाला निघतील. असं कसं? आपल्या म्हटल्या ना? मग यांनाही सुट्टी नको?

प्रत्येक पेटीच्या दाराला पत्र्याची सरकती पट्टी असते. आषाढात डोंगरावरून पेट्या आणताना अखिलाने त्या पट्ट्या लावल्या होत्या, हे मी पाहिलं होतं. सबंध प्रवास माश्या आत होत्या आणि सुखरूप उतरल्या होत्या. त्या वेळी झाकणं काढून वर जाळी ताणली होती, गारवा होता, हे मी पाहिलं असूनही माझ्या ध्यानात राहिलं नाही. एक दिवस बंद राहिल्याने काय होतं, असा मी हिशेब केला. आठही पट्ट्या सरकवल्या. खरं सांगते, इतकं बरं वाटलं! उद्या अखिला येईल, तिच्या हाताने दारं उघडू, आणि मग तिला कळेल की तिच्या आईने यांना घरातलं मानलं. परतीच्या बसमध्ये मी एकटीच हसत होते.

घरी पूजा आटोपली, नैवेद्य झाला. अकराला पाच मिनिटं होती तेव्हा अखिलाचा फोन आला. आवाज तुटत होता.

"अम्मा, खालीं ऊन कसें आहे?"

"भाजतंय. आश्विन आहे की वैशाख कळत नाही."

"मज इथून शिवराजकाकांचा फोन लागत नाहीं. तूं त्यांना सांग, पेट्ट्यांजवळच्या मडक्यांत पाणी भरा म्हणून. ऊन चढलें की त्या पाणी आणून आंत शिंपडतात, आणि दारांत उभ्या राहून पंखांनी वारा घालतात. दार नुसतें अर्धें अडलें ना, तरी तासा-दोन तासांत उकडून मरतात. सांगशील ना?"

"सांगते," मी म्हटलं, आणि फोन तुटला.

आठही दारं मी पुरती लावून आले होते. मग फोनवर शिवराजचं नाव काढलं. नाव समोर होतं. अंगठा टेकवायचा अवकाश होता. तो बागेतच होता, पन्नास पावलांवर. पाच मिनिटांत त्याने आठही दारं उघडली असती.

मी फोन केला नाही.

का नाही केला ते मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे आणि उत्तर दर वेळी तेच येतं. शिवराजला सांगितलं की यांना कळणार, यांना कळलं की अखिलाला. आणि अखिला काय म्हणणार? पंगतीत बोलली ते अम्माने करून दाखवलं. मी मायेने केलं यावर कोण विश्वास ठेवणार होतं? मीच ठेवला नसता. त्यापेक्षा आपणच जावं, गुपचूप उघडावं, कोणाला कळायला नको. चोवीस किलोमीटर, एक तास. गणिताची मास्तरीण ना मी.

गल्लीच्या तोंडाशी चार रिक्षा होत्या. चारही धुतलेल्या, झेंडूच्या माळा घातलेल्या, पुढे केळीचे खुंट बांधलेले. पहिल्याने हात जोडले. "पूजा झाली, मामी. आतां उद्यांच काढायची." दुसऱ्याला मी दुप्पट देते म्हटलं. तो म्हणाला, "आज हिलाही विसावा."  त्याचा काय दोष? सकाळी मीही तेच म्हटलं होतं. तिसरा-चौथा जागेवर नव्हते. भर उन्हात, साठीची बाई, मी जुन्या बस स्टँडपर्यंत धावत गेले.

बस मिळाली ती बारा वाजता, आणि ती वीस मिनिटांनी थांबली. वाटेत कुठल्याशा गॅरेजसमोर पूजा चालली होती, ड्रायव्हरचा भाऊ तिथे कामाला. चाकांखाली लिंबं ठेवली, कापूर लावला, बसला ओवाळलं. मग बसपुढे फोडायला कोहळा आला. कोहळ्याला भोक पाडून आत कुंकू भरेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. मी खिडकीतून ओरडले, "चला हो, लवकर चला!" बाजूची बाई मला आजी ठरवून म्हणाली, "पाटी, सणाचा दिवस, एवढी काय घाई?" काय सांगणार तिला? फोन माझ्या मुठीतच होता. वाटेतही करता आला असता. तेव्हाही केला नाही. एवढं आलो तर आता पोचलोच, असं म्हणत राहिले.

बागेत शिरले तेव्हा सव्वा वाजला होता. शिवराज घरात जेवत असावा, बाहेर कोणी नव्हतं. मला आधी ऐकूच आलं नाही काही. सकाळची ती बारीक घूं घूं नव्हती. जवळ गेले तेव्हा ओळीच्या अलीकडच्या पाच पेट्यांच्या फटींतून मध गळताना दिसला. विटांवरून खाली ओघळत होता, मुंग्या लागल्या होत्या. मागच्या एका वादळात तिथली दोन झाडं पडली होती, त्या बाजूला भर दुपारी सावली नसायची. मी पट्ट्या ओढल्या. पत्रा तापून हाताला चटका बसला. पहिल्या पाचांतून कोणी बाहेर आलं नाही, फक्त मधात भिजलेल्या काळ्या माश्यांचा लगदा दारातून पुढे सरकला. सावलीतल्या तिन्हींतून मात्र माश्या उसळून आल्या आणि माझ्या हातावर, मानेवर, कानावर तुटून पडल्या. मी हलले नाही. चावल्या ते बरं वाटलं म्हटलं तर खोटं वाटेल, पण वाटलं.

माझा ओरडा ऐकून शिवराज धावत आला. त्याने मला बाजूला ओढलं, हातावरचे काटे नखाने काढले. मग पेट्यांकडे बघून तो खाली बसला. पट्ट्या तोवर सगळ्या उघड्या होत्या.

"वैनी," तो म्हणाला, "परवां मीं पलीकडच्या भातावर औषध मारलें. कळवायचें राहूनच गेलें. सणाची गडबड होती. माझ्यामुळें झालें हें."

नाही, असं म्हणायला तोंड उघडलं. आणि तोंडातून आलं, "उन्हानेही झालं असेल." एवढंच. अर्धं खरं बोलून मी गप्प बसले. शिवराज डोक्याला हात लावून बसला होता आणि मी त्याला तसा बसू दिला. संध्याकाळी फोनवर यांनाही मी एवढंच कळवलं, पाच पेट्या गेल्या, कशाने ते कळत नाही. 

दशमीला दहा वाजता दोघं बागेत आले. मी आधीच जाऊन बसले होते. माझा उजवा हात सुजून भाकरीएवढा झाला होता, तो मी पदराखाली घेतला. अखिला माझ्याकडे न बघता सरळ पेट्यांकडे गेली. दारापुढचा मेलेल्या माश्यांचा ढीग तिने बघितला. शिवराज हात जोडूनच उभा होता.

"अखिला, चूक माझी. औषध मारलें, तुज सांगितलें नाहीं."

"काका, एकच गोष्ट मागितली होती तुमच्याकडे." तिचा आवाज चढला. मी तिला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "एकच! पांच पेट्ट्या, काका. तुमच्या भरंवशावर ठेवल्या होत्या. आम्हीं हलवतों पेट्ट्या इथून. आजच हलवतों."

शिवराजने मान खाली घातली. यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि ठेवला नाही. चाळीस-पन्नास वर्षांची मैत्री, माझ्या डोळ्यांदेखत त्या न ठेवलेल्या हातात लोंबकळत होती. आणि मी गप्प बसले असते तर सगळं निभावलं असतं, हेही मला दिसत होतं. अखिला चेन्नईला गेली असती. वर्षभर मागितलं ते मिळालं असतं.

"मी दारं बंद केली," मी म्हटलं.

तिघांनीही वळून बघितलं.

"काल सकाळी. पूजा झाल्यावर. घरातल्या सगळ्याला सुट्टी, म्हणून यांनाही. आठही पट्ट्या मीच सरकवल्या. शिवराजचा काही संबंध नाही."

अखिलाने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत जे आलं ते मी ओळखलं. कालपासून मी त्यालाच भीत होते. मग तिची नजर पेट्यांवरच्या गंधाकडे गेली, कुंकवाकडे गेली, सुकलेल्या झेंडूकडे गेली.

"मुद्दाम केलं असं वाटतंय तुला," मी म्हटलं.

"आतां नाहीं," ती म्हणाली. "क्षणभर वाटलें. खरेंच वाटलें, अम्मा." तिने डोळे पुसले. "अगं, तूं काय केलेंस तें मज समजतें. विसावा म्हणून केलेंस. चुकलें. पण कळलें कधीं तुज?"

इथे थांबता आलं असतं. दुपारी कळलं, असं म्हणता आलं असतं. तिने मान्य केलं असतं, कदाचित जवळही घेतलं असतं. हे शिवराजकडे बघत होते, शिवराज माझ्याकडे.

"अकराला," मी म्हटलं. "तुझा फोन आला तेव्हा."

"मग काकांना…"

"नाही केला फोन. नंबर समोर होता. तुला कळू नये म्हणून नाही केला. स्वतः येऊन गुपचूप उघडीन म्हटलं. पोचायला सव्वा वाजला."

 अखिला जमिनीवर बसली, त्या ढिगाच्या शेजारी. मग ती म्हणाली, "अकरापर्यंत जिवंत असतील गं त्या. दारांशी धडपडत असतील." ती मला ओरडत नव्हती, स्वतःशीच बोलत होती, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. मी रडले नाही. रडायचा मला हक्क नव्हता.

मग ती उठली, शिवराजपुढे गेली, वाकून त्याच्या पायाला हात लावला. "काका, मीं वेडेंवाकडें बोललें." त्याने तिला उठवलं आणि तोच रडायला लागला.

"तू चेन्नईला जाशील?" मी विचारलं. विचारायची ती वेळ नव्हती, पण दुसरं काही माझ्या डोक्यात राहिलंच नव्हतं.

"जाऊं?"

"नको."

"वर्षभर हेंच मागत होतीस की."

"मागत होते. आता नको म्हणते. तीन राहिल्यात ना?"

ती सावलीतल्या पहिल्या पेटीपाशी गेली, तोंडावरची जाळी स्वतः न घालता माझ्याकडे टाकली. "घाल. आणि इकडे ये. चौकट धरायला माणूस लागेल."

"मी?"

"अप्पांचे हात कांपतात. तूंच ये."

तिने झाकण उघडलं, पोळ्याची एक लाकडी चौकट अलगद वर ओढली आणि माझ्या हातांत दिली. दोन्ही बाजूंनी माश्या होत्या, जिवंत, पण किती ते मला सांगता आलं नसतं. माझ्या सुजलेल्या बोटांवरून त्या चालू लागल्या. अखिला खाली वाकून एकेक इंच बघत होती. राणी नसेल तर उरलेल्या माश्यांनाही अर्थ नव्हता. ती एक बाजू बघून झाली. तिने मान हलवली, मी चौकट वळवली. तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर होता आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. 

"राणी आहे, काका," ती म्हणाली.

ते शिवराजला सांगितलं होतं, मला नाही. मी चौकट हलू दिली नाही.